कॅनबेरातील सहावा प्रश्न

गणित स्पर्धेतील एका प्रश्नाच्या इतिहासावरचा हा धागा आहे. प्रश्न दोन ओळींचा. धागा मात्र बराच लांबणार आहे, कारण या दोन ओळींच्या मागे बुडापेस्टमधील एक बाग, शांघायमधील निर्वासितांचे दिवस, सेंट पीटर्सबर्गमधील एक तरुण गणिती आणि सातव्या शतकातील भिल्लमाळ अशी बरीच मंडळी आणि स्थळे उभी आहेत.

आधी प्रश्न.

अ आणि ब हे धन पूर्णांक आहेत. (अब + १) या संख्येने (अ² + ब²) या संख्येला निःशेष भाग जातो. तर सिद्ध करा की येणारा भागाकार हा पूर्ण वर्गच असतो.

अ = ८ आणि ब = २ घ्या. वर्गांची बेरीज ६८, गुणाकार अधिक एक म्हणजे १७, भागाकार ४. आता अ = २७, ब = ३ घ्या. वर्गांची बेरीज ७३८, दुसरी संख्या ८२, भागाकार ९. बहुतेक जोड्यांना भाग जातच नाही. पण ज्यांना जातो, त्यांचा भागाकार १, ४, ९, १६ याच माळेतला निघतो. असे का व्हावे? प्रश्नात वर्गमूळ नाही, अवघड संज्ञा नाही. नववीच्या विद्यार्थ्याला तो समजतो. सोडवायला बसल्यावर मात्र हाताला काहीच लागत नाही.

हा प्रश्न जुलै १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे भरलेल्या एकोणतिसाव्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये विचारला गेला. ही स्पर्धा १९५९ साली रुमानियात सात देशांनिशी सुरू झाली होती. कॅनबेरात ४९ देशांचे २६८ विद्यार्थी आले होते. परीक्षा दोन दिवसांची, दररोज साडेचार तास आणि तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला सात गुण. सहावा प्रश्न म्हणजे दुसऱ्या दिवसाचा शेवटचा, आणि परंपरेने सर्वांत कठीण.

तो पश्चिम जर्मनीकडून आला होता. रचनाकार श्टेफान बेक. सहभागी देश प्रश्न सुचवतात, यजमान देशाची समिती ते तपासते, चाळते आणि निवडक प्रश्न सर्व देशांच्या संघप्रमुखांपुढे ठेवते, अशी या स्पर्धेची रीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या समितीत सहा जण होते. सहांपैकी एकालाही हा प्रश्न सुटला नाही. मग तो देशातील चार नामांकित संख्यासिद्धान्त-तज्ज्ञांकडे पाठवण्यात आला आणि त्यांना सहा तासांची मुदत दिली गेली. त्या मुदतीत त्यांनाही तो सुटला नाही. शेवटी समितीने प्रश्नापुढे दोन तारे काढून तो संघप्रमुखांच्या हवाली केला. दोन तारे म्हणजे अतिकठीण, विचारण्याजोगा आहे की नाही याचीच शंका असलेला प्रश्न. दीर्घ चर्चेनंतर संघप्रमुखांनी धाडस केले आणि तो शेवटचा प्रश्न म्हणून निवडला.

ही हकिकत आपल्यापर्यंत आली आहे ती पश्चिम जर्मनीच्या संघाचे मार्गदर्शक आर्थर एंगेल यांच्या १९९८ सालच्या पुस्तकातून. इतिहासाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. एंगेल यांनी त्या चार तज्ज्ञांची नावे दिलेली नाहीत. शिवाय समाजमाध्यमांवर ही कथा फिरता फिरता ‘जगातील एकाही गणितज्ञाला न सुटलेला प्रश्न’ अशी फुगली आहे. तसे काही नव्हते. मुदत सहा तासांची होती आणि प्रश्न पाठवणाऱ्याजवळ उत्तर असणारच. तरीही जे घडले ते पुरेसे विलक्षण आहे, कारण त्या सहा जणांच्या समितीत एक दांपत्य होते : जॉर्ज आणि एस्थर सेकेरेश. प्रश्न रचण्यात आणि सोडवण्यात यांचा हात धरणारे त्या खंडात फारसे कोणी नव्हते. ते तेथे कसे पोहोचले, ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

१८९४ साली हंगेरीत दोन गोष्टी सुरू झाल्या. ग्योर या गावातील दानियेल अरान्य या शाळामास्तराने माध्यमिक शाळांतील मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात दर महिन्याला प्रश्न यायचे आणि मुलांनी पाठवलेली उत्तरे सोडवणाऱ्यांच्या नावांसह छापली जायची. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ लोरांड एत्व्हश हे हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या सन्मानार्थ शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी गणिताची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. लिपोट फेयेर, थिओडोर फॉन कार्मान, गाबोर सेगो, एडवर्ड टेलर ही या स्पर्धेतून पुढे आलेली काही नावे. आजच्या गणित ऑलिम्पियाडची वंशावळ लिहायची झाली, तर पहिल्या पानावर ही स्पर्धा आणि ते मासिक येईल.

त्या मासिकावर वाढलेल्या मुलामुलींचा एक गट १९३२-३३ च्या सुमारास बुडापेस्टच्या शहर-उद्यानात एका जुन्या इतिवृत्तकाराच्या पुतळ्यापाशी भेटत असे. पॉल एर्डिश त्यांत होता, रसायन अभियांत्रिकी शिकलेला जॉर्ज सेकेरेश होता आणि एस्थर क्लाइन होती. एस्थरने एकदा मांडले : प्रतलावर कोणतेही पाच बिंदू घ्या, फक्त कोणतेही तीन एका रेषेत नसावेत, त्यांतून चार बिंदू असे निवडता येतातच की ते बहिर्वक्र चौकोनाचे शिरोबिंदू असतील. मग पंचकोनासाठी किती बिंदू लागतील? षट्कोनासाठी? सेकेरेश आणि एर्डिश यांनी यावर १९३५ साली शोधनिबंध लिहिला. १९३७ साली जॉर्ज आणि एस्थर यांचा विवाह झाला, म्हणून एर्डिशने या प्रश्नाला ‘सुखान्त प्रश्न’ असे नाव दिले. ते नाव गणितात आजही रूढ आहे.

पण सुखाला युरोपात जागा उरली नव्हती. दोघेही ज्यू. ते शांघायला गेले. जपानी ताबा आणि युद्धाची वर्षे त्यांनी तेथेच काढली. १९४८ मध्ये जॉर्ज यांना ॲडलेड विद्यापीठात नोकरी मिळाली आणि तोवर चामड्याच्या उद्योगात रसायनतज्ज्ञ म्हणून पोट भरणारा हा माणूस खऱ्या अर्थाने व्यवसायाने गणिती झाला. पुढे दोघे सिडनीत आले. तेथे एस्थर यांनी शाळकरी मुलांसाठी दर आठवड्याला गणिताच्या बैठका सुरू केल्या. थोडक्यात, ग्योरच्या त्या मासिकाची परंपरा कोणत्याही सरकारी योजनेशिवाय, दोन निर्वासितांच्या सामानातून दक्षिण गोलार्धात पोहोचली होती. १९८८ साली बेक यांचा प्रश्न ज्या टेबलावर आला, त्या टेबलापाशी हे दोघे सत्तरी ओलांडून बसलेले होते.

आता उत्तराकडे वळू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

या प्रश्नावर साहजिकच पहिला हल्ला होतो तो संख्यासिद्धान्ताच्या ठरलेल्या हत्यारांनी : अवयव पाडणे, बाकी तपासणे, सम-विषम पाहणे. त्यांनी फारसे काही साधत नाही. युक्ती अशी की अ आणि ब यांच्या मागे न लागता भागाकारच स्थिर धरायचा. समजा भागाकार ४ आहे. मग अ² + ब² = ४(अब + १). आता अ च्या जागी क्ष आणि ब च्या जागी य लिहा, आणि संख्यांचा प्रश्न निर्देशक भूमितीच्या आलेखावर उतरतो :

क्ष² − ४ × क्ष × य + य² = ४

हा एक हायपरबोला आहे. मराठी परिभाषेत अपास्त. आपल्याला हवे आहेत ते त्यावरचे पूर्णांक बिंदू, म्हणजे ज्यांचे दोन्ही निर्देशक पूर्णांक आहेत असे बिंदू. (११२, ३०) हा त्यांपैकी एक. पडताळून पाहा : वर्गांची बेरीज १३४४४, आणि ३३६१ ची चौपटही तितकीच.

या बिंदूतून एक आडवी रेषा काढा. तिच्यावर य सर्वत्र ३० आहे. त्यामुळे वरचे समीकरण केवळ क्ष मधील वर्गसमीकरण उरते : क्ष² − १२०क्ष + ८९६ = ०. रेषा अपास्ताला दोन ठिकाणी छेदते. एक छेदनबिंदू ठाऊक आहे, क्ष = ११२. दुसरा? दोन मुळांची बेरीज १२० असायला हवी, म्हणून दुसरे मूळ ८. कसलेही वर्गमूळ न काढता आपण अपास्तावर एका पूर्णांक बिंदूवरून दुसऱ्यावर उडी मारली.

समीकरणात क्ष आणि य यांची अदलाबदल चालते, म्हणून (८, ३०) हा बिंदू (३०, ८) असा फिरवून घ्या आणि तेच पुन्हा करा. य = ८ या रेषेवर मुळांची बेरीज ३२; एक मूळ ३०, दुसरे २. बिंदू (८, २). पुन्हा एकदा : बेरीज ८, एक मूळ ८, म्हणून दुसरे ०. बिंदू (२, ०). येथे वर्गांची बेरीज ४ आणि गुणाकार अधिक एक म्हणजे नुसता १. भागाकार ४ म्हणजेच २ चा वर्ग. जिना संपला तेथे उत्तर उभे होते.

हेच सर्वसाधारण रूपात पाहू. भागाकाराला प म्हणू. अ आणि ब समान असतील, तर दोन्ही १ असावे लागतात आणि प = १; तो पूर्ण वर्ग आहेच. नाहीतर अ हा मोठा धरा. दुसऱ्या मुळाला त म्हणू. मुळांची बेरीज पब, म्हणून त = पब − अ; तो पूर्णांकच. मुळांचा गुणाकार ब² − प, म्हणून त हा ब पेक्षा लहान. राहिली एकच भीती : त ऋण निघाला तर? तसे झाले तर तब + १ ही संख्या शून्य किंवा ऋण होईल. पण तिची प पट म्हणजे त² + ब², जी धन आहे. म्हणजे त ऋण असूच शकत नाही. तो शून्य असेल, तर मुळांच्या गुणाकारावरून ब² = प आणि काम संपले. शून्य नसेल, तर (ब, त) ही आधीपेक्षा लहान जोडी घेऊन पुढची पायरी उतरा. धन पूर्णांक अखंड लहान होत जाऊ शकत नाहीत. केव्हातरी शून्य येणारच, आणि शून्य आले की प हा पूर्ण वर्ग.

सहा तासांत न सुटलेला प्रश्न तो एवढाच. जाता जाता एक गंमत : प = २ ठेवले तर अपास्त मिळत नाही, दोन समांतर रेषा मिळतात, आणि त्यांच्यातील (क्ष − य) हा फरक दोनचे वर्गमूळ असतो. ती संख्या अपरिमेय. म्हणून त्या रेषांवर एकही पूर्णांक बिंदू नाही. भागाकार २ का येत नाही हे येथे नुसत्या डोळ्यांना दिसते. ज्याला बीजगणित कोरडे वाटते, त्याने ही आकृती एकदा काढावी.

या युक्तीला आज ‘व्हिएटा उडी’ म्हणतात. मुळांची बेरीज आणि सहगुणक यांचा संबंध सोळाव्या शतकातील फ्रेंच वकील फ्रान्स्वा व्हिएत याच्या नावाने ओळखला जातो, म्हणून हे नाव. हा माणूस राजा चौथ्या हेन्रीसाठी स्पॅनिश सांकेतिक पत्रे उलगडत असे. पण उडी त्याची नव्हे. पायऱ्या उतरत जाण्याची कल्पना पिएर द फर्मा याची. १६५९ साली कार्कावी याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या या पद्धतीला ‘अनंत अवरोह’ म्हटले होते. आणि उडी व अवरोह यांची जोडी जमवली ती सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रेई मार्कोव्ह याने. १८७९-८० मधील त्याच्या निबंधांतून एक समीकरण प्रसिद्ध झाले : तीन संख्यांच्या वर्गांची बेरीज त्यांच्या गुणाकाराच्या तिप्पट. (१, २, ५) हे त्याचे एक उत्तर. दोन संख्या स्थिर ठेवून तिसरीचे ‘दुसरे मूळ’ काढले की नवे उत्तर मिळते. २ च्या जागी १३ येतात आणि (१, ५, १३) तयार होते. उलट दिशेने उतरत गेले की प्रत्येक उत्तर अखेर (१, १, १) पाशी पोहोचते. १९०७ मध्ये अडॉल्फ हुर्विट्झ याने हाच विचार अधिक संख्यांच्या समीकरणांसाठी मांडला.

म्हणजे १९८८ साली ही किल्ली शंभर वर्षांहून जुनी होती आणि छापील स्वरूपात ग्रंथालयांत पडून होती. कॅनबेराच्या प्रश्नाकडे केवळ कोडे म्हणून पाहणाऱ्यांना हे ठाऊक नसते. तज्ज्ञ अडले ते ज्ञान नव्हते म्हणून नव्हे, तर शाळकरी वेशात आलेला तो प्रश्न मार्कोव्हच्या घराण्यातला आहे हे मुदतीत ओळखू आले नाही म्हणून, असे माझे मत आहे.

आपल्याकडील धागा याहून जुना आहे, पण तो जपून सांगायला हवा. वरच्या समीकरणाला ४ ने गुणून वर्ग पूर्ण केला की ते असे दिसते : (२क्ष − पय)² − (प² − ४)य² = ४प. भारतीय गणिताशी परिचय असणाऱ्यांना हा चेहरा लगेच ओळखता येईल. ही ब्रह्मगुप्ताची वर्गप्रकृती आहे : एका वर्गाला ठरावीक संख्येने गुणून त्यात क्षेप मिळवला की दुसरा वर्ग यावा. इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर काढण्याची ‘भावना’ नावाची रीत आहे. उत्तरे बेरजेने जोडली तर समासभावना, वजाबाकीने जोडली तर अंतरभावना.

आता प = ४ घ्या. प्रकृती १२. (३०, ८) या जोडीवरून वर्गप्रकृतीचे उत्तर मिळते २८ आणि ८, क्षेप १६; कारण ७८४ − ७६८ = १६. याच प्रकृतीचे ४ क्षेपाचे सोपे उत्तर म्हणजे ४ आणि १. या दोहोंची अंतरभावना करून २ ने भागा : नवे उत्तर ८ आणि २. हे २ म्हणजेच आपण मघाशी ३० वरून उडी मारून गाठलेले मूळ. योगायोग नव्हे, अंतरभावनेने येणारी राशी नेमकी (पय − क्ष) असते, म्हणजे व्हिएटा उडीचे दुसरे मूळ.

याचा अर्थ कॅनबेराचा प्रश्न ब्रह्मगुप्ताने सोडवला होता असा नाही, आणि असे कोणी अभिमानाने पुढे पाठवले तर त्याला सौम्यपणे अडवा. उत्तरावरून उत्तर निर्माण करणे ब्रह्मगुप्ताकडे आहे. ‘उतरत जा, जिना संपणारच, म्हणून अमुक गोष्ट सर्वत्र सत्य’ हा सिद्धतेचा घाट फर्माचा. हा भेद राखला तर दोघांचेही मोठेपण नीट दिसते. भावनेवर उभी राहिलेली चक्रवाल पद्धत भास्कराचार्यांनी ११५० मध्ये बीजगणितात मांडली आणि ६१ या प्रकृतीसाठी १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० ही अवाढव्य मुळे दिली. फर्माने १६५७ मध्ये युरोपीय गणितज्ञांना आव्हान म्हणून तोच ६१ चा आकडा दिला, हे निराळेच नवल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवीला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

कॅनबेराला परत येऊ. समितीची भीती खरी ठरली का? बहुतांशी हो. ऑस्ट्रेलियाच्या संघात टेरेन्स ताओ होता, तेराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरचा. त्याने सुवर्णपदक मिळवले, पण या प्रश्नावर त्याला सातपैकी एकच गुण मिळाला. तरीही अकरा विद्यार्थ्यांनी तो पूर्णपणे सोडवला. त्यांत व्हिएतनामचा न्गो बाओ चाऊ होता. त्याला पुढे २०१० साली हैदराबादेत राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते फील्ड्स पदक मिळाले. कॅनडाचा रवी वकील आणि बल्गेरियाची झ्वेझ्देलिना स्टांकोव्हा हे पुढे अमेरिकेत नावाजलेले गणिती झाले. रुमानियाचा निकुशोर दान मे २०२५ मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. बल्गेरियाच्या एमानुइल अतानासोव्ह याचे उत्तर इतके आटोपशीर होते की त्याला खास पारितोषिक देण्यात आले.

त्या वर्षी भारत या स्पर्धेत नव्हता. आपला पहिला संघ पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीतील ब्राउनश्वाइगला गेला, आणि १९९६ ची स्पर्धा तर मुंबईतच भरली. आज निवडशिबिराला बसलेली मुले व्हिएटा उडी ही पाठ असलेली गोष्ट म्हणून ओळखतात. २००७ मध्ये हनोईच्या स्पर्धेतला पाचवा प्रश्न याच उडीने सुटणारा होता. तोवर त्याला दोन तारे काढण्याची गरज कुणाला वाटण्याचे कारण उरले नव्हते.

जॉर्ज आणि एस्थर सेकेरेश २८ ऑगस्ट २००५ रोजी ॲडलेडमध्ये तासाभराच्या अंतराने गेले. सुखान्त प्रश्नातील षट्कोनासाठी सतरा बिंदू पुरतात, हे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करणारा जॉर्ज यांचा सहलिखित निबंध त्यानंतर, २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता तुमची पाळी. मूळ प्रश्नात अधिक एकच्या जागी उणे एक करा : (अब − १) या संख्येने (अ² + ब²) ला निःशेष भाग जातो. (२, १), (३, १), (९, २) या जोड्या करून पाहा. दर वेळी भागाकार ५ येईल. तो ५ च येतो, दुसरे काहीही येऊ शकत नाही, हे जिना उतरून सिद्ध करा. आकृतीसह उत्तरे खाली लिहा.